आमदारांच्या टाळूवरचा दगड

आमदारांच्या डोक्यात दगड बसला ती दुपार मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी विचारलं की साहेब, तुमची सगळ्यात चांगली केस कोणती, तर मी ही सांगतो. ऐकणारा हसतो. म्हणतो, एवढ्याशा दगडाची काय केस? मी म्हणतो, बस, चहा घे, आणि मधे बोलू नको.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. आमदार साहेब याच हद्दीतल्या एका मोठ्या गावचे. त्यांची प्रचारफेरी गावात शिरणार म्हणून कार्यकर्त्यांनी रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक जेसीबी उभी केली होती. हल्ली हे नवीन खूळ निघालं आहे. पूर्वी गळ्यात हार घालायचे, आता जेसीबीच्या बकेटात पोत्यांनी झेंडूच्या पाकळ्या भरतात, ते वर उचलतात आणि पुढारी खालून जाताना उपडं करतात. व्हिडिओ छान निघतो म्हणे!

साहेब उघड्या जीपमध्ये उभे होते. उकाडा फार, म्हणून फेटा काढून हातात धरलेला. दोन्ही बकेटं एकदम उपडी झाली, सगळीकडे पिवळंच पिवळं, ताशे वाजतायत, आणि साहेब एकदम खाली बसले. मला वाटलं वाकून कोणाच्या पाया पडतायत. मग पांढऱ्या सदऱ्यावर रक्त दिसलं. जीपमध्ये पायाशी मुठीएवढा दगड पडला होता, काळ्या मातीनं बरबटलेला. मी तो पंचांसमोर ताब्यात घेतला आणि साहेबांना खामगावला दवाखान्यात रवाना केलं.

मी ठाण्यात परतेपर्यंत आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पक्षाचे तालुकाध्यक्ष फिर्याद घेऊनच उभे होते. फिर्यादीत एकच नाव, आणि कलम खुनाच्या प्रयत्नाचं. नाव होतं बसस्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांचं.

हे काका म्हणजे आमदारांचे जुने जिवलग. एक गावातल्या शेतकऱ्याचा, दुसरा बौद्धवाड्यातला, पण शाळेपासून एका ताटात जेवलेले. तीन वर्षांपूर्वी आमदारांनी पक्ष बदलला, आणि काकांनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ दिवसांपूर्वीच चहाच्या टपरीवर चार माणसांत काका म्हणाले होते, "याच्या डोक्यात एक दगडच घातला पायजे, त्याबिगर याचं डोकं ठिकाणावर येत नाही." ही बातमी मला खबऱ्यानं तेव्हाच दिली होती. अशी वाक्यं निवडणुकीत रोज शेकड्यानं बोलली जातात, म्हणून मी ती कानाआड केली होती.

तालुकाध्यक्षांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हिडिओत फुलांचा पाऊस सुरू होता आणि मागे दुकानाच्या पायरीवर काका उभे होते, उजवा हात वर. पुढच्या क्षणी साहेब खाली.

"अजून काय पुरावा पायजे साहेब तुम्हाले? अटक करा. नाही तर वरून फोन येईन."

"येऊ द्या," मी म्हणालो. "फोन उचलायला माणूस बसवलाय मी."

बोललो खरा, पण बाहेरचा रंग बरा नव्हता. एका बाजूला गाव बंद करायची भाषा, दुसऱ्या बाजूला बौद्धवाड्यातली पोरं चौकात जमायला लागलेली. काकांना अटक केली असती तर एका माणसाचं उरलेलं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं असतं, आणि गावात जे पेटलं असतं ते विझवायला माझं ठाणं पुरलं नसतं. मी जादा बंदोबस्त मागवला, वाड्याच्या तोंडाशी आणि बाजारात माणसं लावली, आणि काकांना चौकशीसाठी बोलावून घेतलं. अटक दाखवली नाही.

काका आले ते स्वतःच्या सायकलवर. सायकल आवारात स्टँडला लावली, कुलूप घातलं, चावी खिशात ठेवली आणि माझ्यासमोर बसले. साठीचा माणूस, हाताला ग्रीसचा वास. मी चहा मागवला. पोलिसाचा चहा ही साधी गोष्ट नाही बरं. गुन्हेगार तो घटाघट पितो, कारण त्याला हात कुठेतरी गुंतवायचे असतात. काकांनी कप शिवलाही नाही.

"दगड तुम्ही मारला?"

"तो काय म्हणते?"

"कोण?"

"तुमचा आमदार."

"ते दवाखान्यात आहेत. पण माणसांना म्हणालेत, तुम्हीच मारला."

काकांनी खिडकीतून आपल्या सायकलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग लिहा."

"काय लिहू?"

"तो म्हणते ते."

"अहो, असं नसतं लिहिता येत! हात का वर केला होता तुम्ही?"

"ते नाही सांगत मी."

"काका, खुनाच्या प्रयत्नाचं कलम आहे. कळतं का?"

"कळते साहेब. लहान लेकरू नाही मी. पण ते नाही सांगत."

मी आवाज चढवला, समजावलं, दम दिला. काकांचं एकच, लिहा. जबाब लिहून घेणारा माझा रायटर हवालदार मला बाहेर नेऊन म्हणाला, "साहेब, कबूलच करून राह्यला तो. लिहून टाकू?" मी त्याच्यावर खेकसलो. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली होती. ज्यानं गुन्हा केलेला असतो त्याच्याकडे सांगायला खूप असतं. "मी तिथं नव्हतोच, मी मामाकडे होतो, माझ्या पायाला लागलंय," असलं. या माणसाकडे काहीच नव्हतं. तो घाबरलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि हा फरक ओळखता येत नसेल तर खाकी उतरवून ठेवावी.

काकांना त्यांच्याच भल्यासाठी ठाण्यात बसवून ठेवलं आणि साहेबांचा जबाब घ्यायला मी स्वतः खामगावला गेलो. टाके पडले होते, शुद्धीवर होते, चिडलेले होते. मी विचारलं, नेमकं लागलं कुठे? त्यांनी मान खाली घालून डोकं दाखवलं. पट्टी अगदी मधोमध, टाळूवर.

मी खुर्चीतच थबकलो. साहेब उंचेपुरे, त्यात जीपमध्ये उभे. पायरीवरून कोणी दगड भिरकावला तर कपाळ फुटेल, कानशील फुटेल. टाळू कशी फुटेल? पण तिथं बोललो नाही. साहेबांना बोलायचं होतं.

"माह्या आयुष्याची पहिली निवडणूक त्यानं लढवली, ठाणेदार," ते म्हणाले. "ग्रामपंचायतीची. माह्यापाशी काय होतं? बाप जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचले, शेत म्हणाल तर उगा नावाले. हा सायकलचं पायडल मारे आन् मी समोर दांडीवर बसून भाषण पाठ करो. मतमोजणीले माहा एजंट तोच. मी बाहेर झाडाखाली उभा, डोळे खिडकीवर. आमचं ठरलं होतं, पडलो तर त्यानं खिडकी लावून घ्यायची, आन् निवडून आलो तर पाची बोटं फाकून हात वर करायचा." त्यांनी पट्टी चाचपली. "सरपंच झालो, जिल्हा परिषदेत गेलो, एकदा पडलो, मंग आमदार झालो. दर मोजणीले तो हात दिसल्याबिगर मी गुलाल नाही लावला. आन् आज त्याच हातानं..." एवढा मोठा माणूस, भिंतीकडे तोंड करून रडत होता.

परत येताना मी जीप थेट गावात घेतली आणि घटना घडली त्या जागी उभा राहून वर पाहिलं. आजूबाजूला एकही माडी नाही, सगळी पत्र्याची दुकानं. टाळूवर दगड पाडायचा तर तो वरून यायला हवा, आणि वर त्या दिवशी दोनच गोष्टी होत्या, आभाळ आणि जेसीबीची बकेटं. रस्ता डांबरी, कडेला गिट्टी. आणि माझ्याकडचा दगड ओल्या काळ्या मातीनं माखलेला. अरे देवा, म्हटलं, हे तर आपल्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं!

एक जेसीबी गावातच होती, बकेट लख्ख. दुसरीचा पत्ता नव्हता. समोरच्या पानटपरीवाल्याला विचारलं तर तो चुना मळत म्हणाला, "ते मशीन? दगड लागला तसंच पळालं ना साहेब. ड्रायव्हर रोहिणखेडकडचा जावई हाये. सासऱ्याच्या वावरात पाहा."

तिथंच सापडली, कडब्याच्या गंजीआड. बकेटाच्या कोपऱ्यात हातभर काळी माती घट्ट चिकटलेली होती, तिच्यात खडे होते आणि त्या मातीत झेंडूच्या पाकळ्या रुतलेल्या. ड्रायव्हर मला पाहून हात जोडत पुढे आला.

"सकाळी नाला खोलून राह्यलो होतो साहेब. मशीन तसंच बोलावलं. म्हनलं, बकेट धुऊ द्या. तं म्हने फेरी आली, टाइम नाही, टाक फुलं. आता मले मारतीन ते लोक."

"पळालास कशाला बे? तिकडे एक म्हातारा तुझ्यापायी तुरुंगात चालला होता!"

पंचनामा केला, मातीचे नमुने घेतले, जबाब नोंदवला. ठाण्यात येऊन तो व्हिडिओ पुन्हा, अगदी पहिल्यापासून लावला आणि काकांच्या हातावर थांबवला. बोटं मोजायची गरज नव्हती. पाचही फाकलेली, तळवा रिकामा, बकेटं उपडी व्हायच्या आधीपासून वर. तीन वर्षं ज्याच्याशी बोलला नाही तो जुना दोस्त समोरून आला आणि याचा हात आपोआप उठला. मग तेच कबूल करायची लाज वाटली. दगड मारला म्हणून लिहा, पण हात केला म्हणून लिहू नका! असली माणसं आहेत आमच्या जिल्ह्यात, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यातून घरी आले. संध्याकाळी गावात सभा होती. मी तपासाचे कागद आणि मोबाइल घेऊन गेलो. तालुकाध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, "मतदान होऊ द्या. तवरक हे बाहेर नको. लोक हळहळून राह्यले भाऊ, अशी हवा पुन्हा नाही मिळत."

मी सरळ सांगितलं, "साहेब, हवेचं तुम्ही बघा. मी काकांना आत्ता घरी सोडणार, आणि अहवालात अपघात लिहिणार. बदली करायची असेल तर माझी ट्रंक लहान आहे, लवकर भरते." मग मोबाइल त्यांच्या हातात दिला. "आणि हा हात जरा नीट बघा."

ते बघत राहिले. व्हिडिओ संपला, पुन्हा लावला. तालुकाध्यक्ष काही बोलायला गेले तर त्यांनी नुसता हात आडवा केला. डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, "मले वळखू नाही आला तो. मलेच."

सभेला तोबा गर्दी होती. बंदोबस्तातला पोलीस भाषणं ऐकत नाही, तो माणसं बघतो. पण त्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. डोक्याला पट्टी, हातात माइक, आणि पहिलंच वाक्य, "मायबाप हो, माह्या डोक्यात दगड कोणीच मारला नाही. माह्याच लोकाईनं माह्यावर फुलं टाकली, त्या फुलाईतून पडला तो. ज्या माणसाचं मी नाव घेतलं, त्याची मी तुमच्यासमोर माफी मागतो." मग कोणीतरी हसलं, आणि हसू सगळ्या मैदानात पसरत गेलं. वाड्याच्या तोंडाशी ताटकळलेली पोरं हसत घरी गेली. एकाही माणसावर मला काठी उगारावी लागली नाही, आणि हे मी माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं बक्षीस समजतो. साहेब निवडूनही आले. त्यानंतर कोणी जेसीबीची फुलं म्हटलं की ते जीपमधून खाली उतरतात.

मला या केसनं काय शिकवलं? पुरावा समोर ठेवला जातो तेव्हा तो कोणी ठेवला हे आधी बघावं. आणि जो माणूस स्वतःचा बचाव करत नाही, त्याच्या गप्प राहण्याचाही तपास करावा. बाकी पुस्तकात असतंच.

एक सांगायचं राहिलं. सभेआधी, घरी जायला म्हणून काकांनी सायकलीचं कुलूप काढलं तेवढ्यात आमदारांची गाडी ठाण्याच्या आवारात शिरली. साहेब एकटेच उतरले. दोघं समोरासमोर उभे. माझे सगळे शिपाई कामं टाकून खिडकीत.

"मत नाही देनार तुले," काकांनी आधीच सांगून टाकलं.

"नको देऊ. एवढंच सांग. हात काऊन वर केला होता?"

काकांनी हँडल धरलं, घंटी उगाच एकदा वाजवून पाहिली.

"माशी बसली होती. हाकलून राह्यलो होतो."

साहेबांनी त्यांना सायकलसकट मिठी मारली. माझ्या सगळ्या नोकरीत इतका उघड खोटा जबाब मी एकही प्रश्न न विचारता मान्य केला, तो हा एकच.