सारख्या वाट्याचे वैरी

जगातली प्रत्येक रांग चुकीच्या टोकापासून सुरू होते, असं छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या केज तालुक्यात एकच आहे, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. लग्नाच्या पंगतीत हे मेहुणे वाढप्यांना अडवून "सकाळपासून उपाशी कोन हाय?" असं विचारत फिरतात, नवरदेवाचे मामा ताटकळतात आणि वाजंत्री आधी जेवतात. एसटीत तर त्यांनी मलाच उठवलं. "दाजी, तुमचे गुडघे शाबूत हायेत. ह्या मावशीला बसू द्या." मावशी पुढच्याच थांब्यावर उतरली, तर तिथं त्यांनी तिसऱ्यालाच बसवलं. दिंद्रुडपर्यंत मी दांड्याला लटकलेला.

असा माणूस ग्रामसभेला आला, की सरपंच पाण्याचा ग्लास जवळ ओढतात. विकासनिधी सगळ्या वॉर्डांना सारखा वाटायचा, ही आमच्या पंचायतीची जुनी रीत. मी एका वॉर्डाचा सदस्य. माझ्या वाट्यातून माझ्याच गल्लीत नवे पेव्हर ब्लॉक बसवायचं मी घरी कबूल करून बसलो होतो. जुने धडधाकट होते, पण त्यांचा रंग बायकोला आवडत नव्हता. ओढ्यापलीकडच्या वस्तीला मात्र नळच नव्हता, आणि तिथली माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला गेलेली. सभा भर थंडीतली. मार्चपर्यंत खर्च झाला नाही, तर निधी परत. सरपंचांनी सारख्या वाटपासाठी हात वर करायला सांगितलं, तसे मेहुणे ताडकन उठले.

"ज्याची गरज मोठी तोच गावात न्हाई, अन् तुमी हात मोजता? सारखं वाटनं म्हंजे न्याय न्हाई, आळस हाय! वस्तीच्या नळासाठी कोन आपला वाटा सोडतंय?"

नेमका तेव्हाच मी चहावाल्याला खुणावायला हात वर केला.

"दाजी सोडतेत!" मेहुणे गरजले. टाळ्या पडल्या, हार आला. गळ्यात झेंडू पडल्यावर 'मला फक्त चहा पाहिजे होता' हे कोणत्या तोंडानं सांगणार? तो चहा मला सभेतही मिळाला नाही आणि घरी तर नाहीच नाही.

नळ झाला. तेव्हापासून मेहुण्यांना चैन नाही. रोज संध्याकाळी मला ओढत वस्तीवर नेतात, तोटी सोडून धार बघतात. दारांना कुलपं, मागं राहिलेली एक म्हातारी तेवढी उंबऱ्यात. परवा त्यांनी तिला विचारलं, "आजी, पानी पुरतंय ना?"

"मला एकलीला किती लागतंय, बाबा?" ती म्हणाली. "पानी लई हाय. पेनारी कवा येतेत, ते सांग."

मेहुण्यांनी तोटी बंद केली. परतताना दूर कुठं ट्रॅक्टर वाजला, की ते थांबत, मान उंचावून बघत, आणि पुन्हा चालू लागत.