आवाज देजो

सुध्यानं भाऊंना मारलं. अंगाला हातही न लावता.

हे मी रागानं लिहीत नाहीये. पोस्टची सुरुवात अशीच कर, हे त्यानंच सांगून ठेवलं होतं.

आज सकाळी सुधीर गेला. आमच्या नाटक मंडळाचा हीरो. सकाळपासून बघतेय, सगळ्यांच्या वॉलवर ‘हरहुन्नरी कलावंत हरपला’. मीही तेच लिहिलं असतं. पण त्यानं तंबीच दिली होती, ‘हरहुन्नरी लिहिलं तर भूत होऊन येईन.’

तर ऐका.

भाऊ म्हणजे आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. सक्करदऱ्याला त्यांच्या घराच्या गच्चीवर आमच्या तालमी व्हायच्या.

नाटक होतं एका सेनापतीचं. गादीच्या लोभापायी तो आपल्याच म्हाताऱ्या राजाला किल्ल्याबाहेर शत्रूच्या तोंडी देतो. राजा दार ठोठावतो. पहारेकरी विचारतो, ‘बाहेर कोण आहे?’

सेनापती म्हणतो, ‘कोणी नाही. वारा आहे.’

बस, एवढंच. तिथून त्याचा सत्यानाश सुरू होतो. मग जन्मभर त्याला ते दारच ऐकू येतं.

सेनापती भाऊ, राणी मी. आणि सुध्या विंगेत, हातात स्क्रिप्ट आणि टॉर्च घेऊन. प्रॉम्प्टर, म्हणजे कोणी ओळ विसरलं की विंगेतून हळूच आवाज देणारा.

सुध्याला सेनापती करायचा होता. अख्खं नाटक तोंडपाठ. चहा गाळतानासुद्धा डायलॉग मारायचा.

‘भाऊंचं वय झालं वं. आता बसावं ना त्यांनी.’

‘थांब ना बे जरा. तुलेच भेटणार आहे तो रोल.’

पण थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

आमच्या मंडळाची एक रीत होती. तिसऱ्या घंटेच्या आधी मेन रोल करणारा, तो कितीही मोठा असो, प्रॉम्प्टरपुढे हात जोडायचा. ‘आवाज देजो गा.’ प्रॉम्प्टरनं म्हणायचं, ‘देतो.’ त्याशिवाय आमचा पडदा उघडत नसे.

स्पर्धेच्या प्रयोगाला भाऊंनी हात जोडले. मेकअपखाली घाम फुटला होता त्यांना. ‘आवाज देजो गा सुध्या.’

‘देतो भाऊ.’

मी शेजारीच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

दुसरा अंक. पहारेकऱ्यानं विचारलं, ‘बाहेर कोण आहे?’ आणि भाऊ ब्लँक.

होतं हो असं. भल्याभल्यांचं होतं. त्यासाठीच तर विंगेत माणूस बसवतात.

भाऊंनी विंगेकडे पाहिलं. मी स्टेजच्या दुसऱ्या टोकाला होते, मीही पाहिलं. टॉर्च पानावर होता. तोंड बंद.

पहारेकऱ्यानं परत विचारलं. हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. मग शिट्टी आली. मला वाटलं, याचं पान हरवलं की काय! शेवटी भाऊंची ओळ मीच म्हणून टाकली.

भाऊ पुन्हा तालमीला आले नाहीत. ‘डोकंच गेलं माझं,’ एवढंच म्हणायचे. जेवण सुटलं, माणसं सुटली. त्याच उन्हाळ्यात गेले.

रोल सुध्याला मिळाला.

आणि काय केला बाप्पा त्यानं! त्या ओळीशी आला की थांबायचा. हळूच विंगेकडे बघायचा. अख्खा हॉल चिडीचूप. परीक्षक म्हणायचे, असा पॉज आम्ही पाहिला नाही. बक्षिसांवर बक्षिसं.

मी राणी होते, मला त्याचा चेहरा जवळून दिसायचा. तो पॉज नव्हता. हा माणूस खरंच कोणाची तरी वाट बघून राहिला होता.

घंटेआधी हात जोडणंही त्यानं बंद केलं. ‘मले प्रॉम्प्टर नको,’ म्हणाला. काहून, ते सांगितलं नाही. पॉज मात्र दर प्रयोगाला वाढत गेला.

रामटेकच्या प्रयोगात ओळ आलीच नाही.

‘बाहेर कोण आहे?’

सुध्या रिकाम्या विंगेकडे बघत म्हणाला, ‘भाऊ, या ना आत.’

पडदा पाडावा लागला. त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. दारू लागली. बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून समोर खुर्चीवर बसून राहायचा. त्याची बायको, आमच्या वहिनी, कावून जायच्या. ‘कुत्री घरात येतात, पण हा माणूस दार लावू देईल तर शपथ!’

गेल्या आठवड्यात भेटायला गेले, तेव्हा वहिनींसमोरच बोलला.

‘पान हरवलं नव्हतं वं. ओळ जिभेवर होती माह्या.’

‘मग काहून नाही बोलला बे?’

‘वाटलं, एकडाव पडू दे भाऊले. एकडाव पडले का रोल माहा.’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ‘मेल्या, ते मरेपर्यंत स्वतःले दोष देत होते!’

‘म्हणून तर दार उघडं ठेवून राहिलो ना. येत नाहीत ते. नुसतं वाजवतात.’

वहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

मग तो म्हणाला, ‘मी गेल्यावर सारे चांगलंच लिहितील. तू खरं लिहिजो. भाऊंची चूक नव्हती, हे लोकायले समजलं पाहिजे. माह्या तोंडून नाही निघत.’

आणि इतक्या वर्षांनी त्यानं हात जोडले. हाडंच उरली होती हातांची.

‘आवाज देजो वं.’

मी ‘देते’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

म्हणून मंडळातल्या सगळ्यांनी नीट वाचा. त्या प्रयोगात भाऊंची काहीच चूक नव्हती. प्रॉम्प्टरनं आवाज दिला नाही.

दुपारी घाटावरून परतलो. वहिनी शेवटी आत आल्या आणि त्यांनी दार लावलं. कडीचा आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं. तोवर डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

सुध्या, दिला बघ आवाज.

जा आता. भाऊ भेटले तर आधी पाय धर त्यांचे.