कचरूची विरळणी

सुलतानपूरचा कचरू माझा शाळेतला सोबती. चौथीपर्यंत आम्ही एकाच पाटीवर शिकलो. पाटी त्याची, पेन्सिल माझी. पण तो किस्सा वेगळाच आहे, राहू द्या.

त्याच्या बापाच्या घरी नऊ लेकरं. संध्याकाळी भाकर मोडून वाटायची, अन् मोठा तुकडा कोणाला यावरून रोज झोंबाझोंबी. कचरूनं तिथंच ठरवलं, आपल्याला लेकरू एकच, पण पोटभर खाणारं. त्याच्या बायकोला, केसरबाईला, एक मुलगीही हवी होती. नावही काढून ठेवलं होतं, सारिका. कचरू नाही म्हणाला. एकुलत्या धम्मदीपला दूध, शिकवणी, पुण्याचं कॉलेज, सगळं मिळालं. आता तो परदेशात असतो. केसरबाई दोन वर्षांमागं गेली. कचरूचा चहा निव्वळ दुधाचा, अन् पिणारा तो एकटा. आमच्याकडे सतरा माणसांत चहा म्हणजे रंगीत पाणी, तरी कपांची पळवापळवी!

यंदा त्यानं कपाशी टोबली. एका जागी दोन-दोन सरक्या टाकायच्या, दोन्ही उगवल्या की एक रोप उपटायचं, हीच विरळणी. मंजुळाबाई चार मजूर बाया घेऊन आली, तर हा बांधावर आडवा.

"दोन्ही राहू दे."

"काऊन, भाऊ? दाटीनं दोन्ही काटकुळी राह्यतीन. बोंडं काय तुमच्या मिशीले लागतीन?"

बाया खिदळल्या. कचरू हसला नाही. त्यानं त्यांना परत पाठवलं.

आठवडा गेला. रोपं एकमेकांत घुसू लागली. आणखी चार दिवस, की पीक हातचं जाणार. मी समजवायला गेलो.

"एकच ठेव बे. घरी तं तूच तसं केलं."

"म्हणूनच तं हात उठत नाही. बापाच्या घरी नऊ जण अर्धपोटी, पण हसून-भांडून जगले. माह्या घरी एक, सुखात. कोणतं घर भरलं म्हणू? धम्मदीप म्हणते, बाबा, तुम्ही बरोबर केलं. तो म्हणनच, त्याले सगळं भेटलं. सारिकेले कुठं जाऊन विचारू? ते तं जन्मलीच नाही."

पिकाचे चारच दिवस उरलेत, एवढं सांगून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यानंच मंजुळाबाईला बोलावलं. पहिली ओळ स्वतः वाकून, एकेक रोप धरून उपटली, मग शेत बायांच्या हवाली केलं. दुपारपर्यंत काम उरकलं. उपटलेली रोपं उन्हात मान टाकून पडली होती.

"आता बरं दिसते ना, भाऊ?"

"बरं दिसते," कचरू म्हणाला.

बाया गावाकडे निघाल्या. तो तिथंच थांबला.