पातेलं सटकलं नव्हतं

थोरले दीर सहीसाठी आले, तेव्हा मी चहाचा मसाला कुटत होते. इचोड्याच्या बाजारात माझं मिरची-मसाल्याचं दुकान आहे, पण तयार पूड मी घरात येऊ देत नाही. तिच्यात काय काय मिसळतात ते मला ठाऊक आहे. विलायची हिरवी आणि दाण्यांनी भरलेली हवी, लवंगेचं डोकं शाबूत हवं. खलबत्त्यात सगळं जाडसर फोडायचं, त्यातच अद्रक ठेचायचं आणि पाण्यात दणकून उकळायचं. मग पत्ती. दूध सगळ्यात शेवटी, तेही वेगळं तापवलेलं.

हे मला कुणी शिकवलं नाही. बेल्याजवळच्या सासरच्या घरात मी नवी सून होते. थंड दुधातच अद्रक घालून चुलीवर चढवलं आणि दूध फाटलं. दिरांनी डोकावून पाहिलं आणि उकळतं पातेलं उचलून माझ्यावर फेकलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. सासू म्हणाली, पातेलं सटकलं. जाऊबाई म्हणाली, सटकलं. माझा नवराही तेच म्हणाला आणि मरेपर्यंत म्हणत राहिला.

आता दिरांना सामाईक वावर विकायचं होतं. नवऱ्याच्या मागे त्याच्या वाट्याला माझं नाव लागलं होतं, म्हणून माझ्याशिवाय काम अडलं. सोबत जाऊबाई होती. माझ्या अंगठ्यासाठी त्यांनी शाईची डबीही आणली होती.

"डबी ठेवा खिशात, भाऊजी. मले सही येते. पण आधी जाऊबाईसमोर सांगा, पातेलं कोनं फेकलं?"

"काऊन जुनं उकरून राह्यली? सटकलं होतं ते."

"मंग वावरही राहू द्या."

एकदा सांगितलं की मी हलत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"बरं बाई, फेकलं. झालं समाधान? कर सही." आणि जाऊबाईकडे बघून हसले.

किडका माल खपवताना माणूस असाच हसतो. मी कागद परत ढकलला. "असं नाई. गावात, चार मानसांपुढे सांगा."

"बाजारात बसून लय शेफारली तू!" म्हणत त्यांनी हात उगारला.

बत्ता माझ्या मुठीतच होता. मी तो सगळ्या जोरानं त्यांच्या मनगटावर घातला. हाड गेलं, ते मला हाताला कळलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि किंचाळले. मी दुसऱ्यांदा बत्ता उचलला, तेव्हा जाऊबाई मधे आली.

"पुरे कर वं. फेकलं होतं त्याईनं. मी पायलं होतं."

"मंग इतके वर्सं काऊन गप होती?"

"तू माहेरी निंगून गेली होती दवा कराले. मी तिथंच होती, याईच्यापाशी."

माझा हात खाली आला. ती नवऱ्याला काखेत धरून घेऊन गेली.

सही मी केली नाही. जाऊबाईनं एकटीनं येऊन मागितली असती, तर केली असती. ती आली नाही.