आत्याची शुद्ध मराठी

माझी आत्या शुद्ध मराठी फक्त रागावली की बोलायची. एरवी ती आगरीत हसायची, आगरीत शिव्या द्यायची, आगरीत रडायची. पण कुणी मनापासून दुखावलं, की पदर नीट करून म्हणायची, "आपण बसून घ्यावं. पाणी घेणार का आपण?" एवढं ऐकलं की आम्ही पोरं मागच्या दाराने पसार व्हायचो. एकदा काकांना ती "आपले विचार फार उच्च आहेत" असं म्हणाली. पुढचे दोन महिने काका आमच्या अंगणात फिरकले नाहीत.

तिचं नाव पदीबाय. ठाकुर्लीच्या खाडीकडच्या बाजूला आमचं गाव. आता त्याच्या चारी बाजूंनी टॉवर आहेत आणि गाव मधल्या खड्ड्यात उरलंय. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तीस वर्षं डोंबिवलीत दारोदार भाजी विकली. तेवढ्या काळात ती गुजराती, कानडी आणि कामापुरती तमिळही शिकली. शुद्ध मराठीही तिथलीच. कुठल्याशा वहिनी मेथीची जुडी दोन बोटांनी उचलून म्हणायच्या, "आज जरा कोमेजलेली वाटते, नाही का हो?" आत्या मला सांगायची, "पोरी, गोर बोलून मानसाला खाली बसवाला याच्यापरीस बरी भाशा मना दुसरी गावली नाय." म्हणून ती भाषा तिने नीट घासूनपुसून ठेवली होती, कामाला येईल तेव्हासाठी.

पण गावात तिचा मान वेगळाच होता. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लावायला भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर चालतात. त्यातलं पहिलं गाणं आवतनाचं. गावदेवीला, खाडीतल्या देवांना आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. पूर्ण अकरा कडवी फक्त आत्याला येत होती. ते गाणं ती मांडवाबाहेर कधी गुणगुणतही नसे.

मग आमच्याकडे एक प्राध्यापक आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीही आत्याचं लिहिलं नव्हतं. लोकगीतांवर त्यांचं काम होतं. उंच, लांब नाकाचे, डोक्यावर एक केस नाही. तीन दिवस ओसरीवर बसून त्यांनी आत्याची वीस-बावीस गाणी मोबाइलवर घेतली. आत्याने त्यांना भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. सहा महिन्यांनी त्यांची छोटी पुस्तिका आली. मी तेव्हा कल्याणच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. सगळी गाणी शुद्ध मराठीत दुरुस्त केलेली होती, माझ्या वर्गातल्या वह्यांसारखी. आत्या ऐकत राहिली.

"हा मी नाय गायला," ती एवढंच म्हणाली. मग विचारलं, "यान माजा नाव कय हाय?"

नाव कुठंच नव्हतं. शेवटच्या पानावर छापलं होतं: गायिका, एक निरक्षर आगरी वृद्धा. हे वाचताना माझी जीभ अडखळली, पण मी वाचलं. आत्याने पदर नीट केला.

"सरांना निरोप द्या," ती म्हणाली. "त्यांनी अवश्य यावं. आम्ही त्यांची वाट पाहत आहोत."

मी निरोप धाडला.

सर लगेच आले, कारण त्यांना आवतनाचं गाणं हवं होतं. आता मोठं पुस्तक निघणार होतं. आत्याने देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले आणि आवतनाच्या चालीत सुरू केलं:

"आला गो आला, बोडका बगला,
आमचे खारीन म्हावरा सोदाला.
चोच त्याची लांब, पिसा नाय डोक्याला,
माजे तोंडचा घास वहीन बांदला."

अशी सात कडवी, सगळी तिथल्या तिथे रचलेली. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते, हसू दाबताना कप वाजू लागले म्हणून परत आत गेले. सरांनी अर्थ विचारला. आत्या म्हणाली, "तो तुमीच सांगाचा, सर. तुमी शिकलेले."

ते गेल्यावर ती गावदेवीच्या देवळात जाऊन नारळ फोडून आली. "आये, चाल तुजी घेतली, माप कर," ती म्हणाली. "सबद माजं हायत."

डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये पुस्तकाचं प्रकाशन झालं. आत्याला स्टेजवर बसवून शाल दिली. मागच्या दोन रांगांत आमच्या गावच्या बायका. सरांनी ते गाणं स्वतः म्हटलं आणि मग अर्थ सांगितला. पांढरा बगळा म्हणजे पितर. लांब चोच म्हणजे दोन लोकांना जोडणारा पूल. वही म्हणजे नियतीची वही. मागच्या रांगांत बायकांनी तोंडात पदर कोंबले होते, खांदे गदगदत होते. "पाहा," सर भारावून म्हणाले, "आजही त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं."

शब्द सरांना सगळे कळले होते. ही म्हातारी आपल्याविषयी बोलू शकते, एवढं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही.

मग आत्याला माइक दिला. ती म्हणाली, "सरांनी फार परिश्रम घेतले आहेत. त्यांचं हे पुस्तक दीर्घकाळ टिकावं." मागच्या रांगांतलं हसू एकदम थांबलं.

मलाही त्या दिवशी फार आनंद झाला, तो मी लपवणार नाही. पण घरी आल्यावर भीती वाटली. खरं गाणं आत्याच्या तोंडाशिवाय कुठेच नव्हतं. मी वही काढली, तर आत्याने ती हातातून घेतली. "तोंडान ठेव. वहीन ठेवशील त बगला नेल." मग दर रविवारी वाल सोलता सोलता ती एकेक कडवं म्हणायची आणि मी तिच्यामागून. तिला घाई नव्हती. नववं कडवं पाठ झालं आणि त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली. दोन कडवी तिच्याबरोबर गेली. त्यांत कुठल्या देवांची नावं होती, आता कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी मी सरांना माफ केलेलं नाही. आत्यालाही पूर्ण नाही.

आता आमच्या गावच्या मांडवात मी उभी राहते. नऊ कडवी म्हणते आणि मग, ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्यांनीही या, असं म्हणून हात जोडते.

गेल्या महिन्यात सरांच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. गोड मुलगी, अदबीने बोलणारी. सर वारले, पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, आवतनाच्या गाण्याचा पाठ तुम्ही तपासून द्याल का, असं विचारत होती. खरं सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलं. ती ऐकून घेईल, असंही वाटलं. मग ते शेवटचं पान आठवलं.

मी तिला म्हटलं, "पाठ अगदी बिनचूक आहे. कृपया एकही अक्षर बदलू नये. फक्त त्या गाण्याखाली नाव घालावं: रचना, पदीबाय. बाकीची गाणी गावाची आहेत, हे एक तिचं स्वतःचं आहे."

ती म्हणाली, "मॅडम, किती सुंदर मराठी बोलता तुम्ही!"

मी तिचे मनःपूर्वक आभार मानले. हा लेखही मी त्याच मराठीत लिहिला आहे.