गाजर, पालापाचोळा आणि आमचे वुडलाईस

कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटमध्ये रिसर्च साचत नाही, किस्से साचतात. नव्वदच्या दशकात वाशीच्या आमच्या कॉलेजात तर नुसता ढीग!

आमचे हेड सबनीस सर. त्यांनी एकदा कुंडीखालचे वुडलाईस पाळले. बोट लावलं की गोळी होते ना, तेच किडे. एका डब्यात वाळलेली बदामाची पानं, दुसऱ्यात नुसतं गाजर. कुठल्या खाण्यावर वाढ जास्त, हा प्रश्न.

"हे किडे नाहीत!" सर पहिल्याच दिवशी गरजले. "ही कोलंबी-खेकड्याची भावकी!"

आमचे लॅबवाले पाटीलमामा घणसोलीचे. डब्यात वाकून बघत म्हणाले, "मंग सर, कालवन कवा करायचा?"

*

गाजर आणायला मी होलसेल मार्केटात गेले. व्यापाऱ्याने विचारलं, "किती गोणी?"

"एक गाजर."

"एक? कशाला?"

"किड्यांना घालायला."

तो गादीवरून उठलाच. "ताई, लोक किडलेला माल परत आणतात. तुम्ही किड्यांसाठी न्यायला आलात!"

गाजर मात्र फुकट दिलं.

*

मग सरांना कळलं की कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं. स्टाफरूममध्ये नोटीस लागली : 'अंड्याची टरफलं आणावीत.' दिवस श्रावणाचे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले!

दुसऱ्या दिवशी गणिताचे जोशी सर हळूच पिशवी घेऊन आले. हे कांदासुद्धा न खाणारे!

"शेजाऱ्यांची आहेत हो," ते म्हणाले.

पुढचा आठवडाभर पिशवी रोज येत होती. शेवटी पाटीलमामांनी विचारलं, "सर, शेजारी आजारी हाय का? रोज अंडी खातंय!"

*

वर्ष संपता संपता प्राचार्य प्रयोग बघायला आले. मी आणि माझी मैत्रीण विद्या इस्त्रीच्या साड्या नेसून उभ्या. आम्ही दोघीही तिथे टेंपररी लेक्चरर, आणि परमनंट पोस्ट मंजूर झाली होती एकच. गेले पंधरा दिवस आम्ही एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलत होतो.

पानांच्या डब्यात पिल्लांचा नुसता बुजबुजाट. गाजराच्या डब्यात मोजकेच, पण चांगले टपोरे!

"वा! म्हणजे गाजरावर वाढ जास्त," प्राचार्य खूश झाले. "पण बाकीचे कुठायत?"

सर घुटमळले. "त्याचं काय आहे, नुसत्या गाजरात प्रोटीन पुरत नाही. त्यामुळे कात टाकून जो मऊ पडला, त्याला…"

"बाकीच्यांनी खाल्ला," पाटीलमामांनी वाक्य पुरं केलं. "ह्ये उरलं त्ये जाड झालं."

प्राचार्यांनी डबा उजेडात धरला. बराच वेळ निरखून पाहिला. मग झाकण लावलं आणि आमच्याकडे वळले.

"इंटरेस्टिंग! बरं सबनीस, तुमच्याकडे टेंपररी किती आहेत?"