वाडीच्या दारूवर आळ

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पनवेलची ती एक मात्र मिसळत नाही. ती आठवली की आजही डोकं तापतं, आणि बायको म्हणते, गोळी घ्या आणि गप्प बसा. गोळी घेतो, गप्प बसत नाही. या लेखात मी कोणाचंही नाव घेणार नाही. ज्यांना स्वतःची ओळख पटायची त्यांना पटेलच, पटली तर पटू दे. मी आता पेन्शनर माणूस, माझी बदली कुठे करणार?

मी तेव्हा पनवेलच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. शहर फुगत चाललं होतं. जमिनींचे पैसे आले होते, टॉवर उठत होते आणि पैशामागून हौस येते तशी ती आली होती. त्यातलीच एक म्हणजे व्हिस्की महोत्सव. गावाबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनवर तो भरला. दिवस पितृपक्षाचे. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, लॉन ओस पडतात आणि स्वस्तात मिळतात. आयोजक बांधकामाच्या धंद्यातला, तो असल्या संधी कशाला सोडेल?

उत्पादन शुल्क खात्याचा परवाना होता, आमचा बंदोबस्त होता. मी स्वतः तिथे उभा होतो. खोटं कशाला सांगू, कार्यक्रम देखणा होता. प्रत्येक स्टॉलवर वेगळी विलायती व्हिस्की. पाहुण्यानं आधी वास घ्यायचा, मग जेमतेम एक घोट जिभेवर घोळवायचा, ग्लासात उरलेली तशीच ठेवून पुढच्या स्टॉलवर जायचं. मध्येच दुर्मीळ बाटल्यांचा लिलाव. जमलेला सगळा पैसा आदिवासी वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी, असं स्टेजवरून पुन्हा पुन्हा सांगत होते. टाळ्या पडत होत्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून ठाण्याला खबर आली. जवळच्या कातकरी वाडीवरचा एक माणूस दाखल झाला होता. त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. हा गडी त्या लॉनवर टेबलं उचलायला आणि ग्लास धुवायला रोजावर होता. डॉक्टर म्हणाले, विषारी दारू पोटात गेलीय. जीव वाचेल, नजर परत येणार नाही.

मी रुग्णालयातून ठाण्यात परत येतो न येतो तोच आयोजक हजर. पांढरा शर्ट, चेहऱ्यावर दुःख.

"साहेब, फार वाईट झालं. पण ही लोकं घरीच गाळतात ना. काय काय घालतात, देव जाणे. आमची समिती माणुसकी सोडणार नाही. डोळ्यांचा सगळा खर्च आम्ही करू. त्याच्या बायकोनं फक्त जबाब नीट द्यावा."

नीट म्हणजे कसा, ते वरिष्ठांच्या फोनवरून कळलं. वाडीवर धाड टाका, भट्टी सापडेलच, गुन्हा त्या बाईवर घ्या आणि विषय संपवा. म्हणजे नवरा आंधळा झाला तो झाला, वर बायको तुरुंगात जाणार, आणि कागदावर कायमचं राहणार की तिनंच त्याचे डोळे घालवले. पोरं कोणाच्या दारात जाणार, हे फोनवर कोणी बोललं नाही.

बाई रुग्णालयाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी महिला शिपायाला शेजारी बसवलं आणि विचारलं, "घरी दारू गाळतेस?"

"गाळते."

इतकं सरळ उत्तर मला नोकरीत फार कमी वेळा मिळालंय. साधारणपणे हातात कॅन धरलेला माणूससुद्धा विचारतो, कसली दारू साहेब?

"मग त्या दिवशी त्याला तूच दिलीस?"

"घरात नव्हतीच. आमी होळीला लावतो, लग्नाला लावतो. आता कुठं लावू? तो लॉनवरनं आला, बोलला, आज साहेब लोकांची इंग्लिश पिली. ग्लासांत उरलेली. खुशीत झोपला. सकाळी मला इचारतो, अजून उजाडलं नाय का? ऊन पार अंगनात आलेलं."

ती रडत नव्हती. चिडलेली होती.

"तो शेट कागुद घेऊन आलेला. अंगठा दे, डोळं करून देतो बोलला. मी बोलले, नाय देनार. उद्या डोळं आलं तर त्याच डोळ्यांनी माझा नवरा मला बघंल, हिनंच मला आंधळा केला म्हनून."

त्या दिवसापासून मी त्या बाईला अहो-जाहो करू लागलो. शिपाई मंडळी आपसांत हसली. हसू दे.

वरिष्ठांना मी कळवलं, वाडीवर धाड टाकायला माझी हरकत नाही, आदेश लेखी द्या. लेखी काही आलं नाही. असल्या गोष्टी लेखी येत नसतात. मात्र रोज फोन यायला लागला, आणि फोनवरचा आवाज रोज एक पट्टी चढत होता.

इकडे पुरावा काही नव्हता. लॉन धुऊनपुसून साफ. रिकाम्या बाटल्या कुठे गेल्या विचारलं, तर आयोजक म्हणाला, फोडून टाकल्या. काचा कुठे आहेत विचारलं, तर त्याला मीटिंगची घाई झाली. पाहुण्यांपैकी एक-दोघांना दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, असं कानावर आलं होतं. एकाच्या घरी गेलो. चांगला शिकला-सवरलेला, गावात मान असलेला माणूस. त्यानं मला दारातूनच बाजूला घेतलं आणि कुजबुजला, "साहेब, माझा जबाब नको. पित्रं चालू आहेत, आईला कळलं तर ती घरात घेणार नाही." एका माणसाची नजर गेली आणि याला आईची भीती. नाकानं कांदे सोलणारी ही जमात साक्ष द्यायची वेळ आली की अशी गळपटते.

खबर दिली ती एका भंगारवाल्यानं. माझ्या जुन्या ओळखीचा म्हातारा. ठाण्यात आला आणि आधी दरवाजा लोटून घेतला.

"साहेब, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक गोदामवाला आहे. आमच्याकडून विलायती रिकामी बाटली घेतो. बूच पाहिजे, डबा पाहिजे आणि लेबलला खरोंच नको म्हणतो. आता तुम्हीच सांगा, भंगारात खरोंच कोण बघतं? मला शक आला. गरीब माणसाची आँख गेली ऐकलं, म्हणून आलो."

एवढं पुरे होतं. दोन पंच घेतले आणि गोदामावर झडती घातली. काय मिळालं? लोखंडी पट्ट्या. गोदाम झाडून लख्ख. गोदामवाला पोट सुटलेला, बोलायला गोड. त्यानं चहा मागवला आणि वर मलाच सुनावलं, "साहेब, कोणीतरी तुमचा वेळ फुकट घालवला." आतून कोणीतरी त्याला आधीच सांगितलं होतं, हे उघड होतं. कुंपणानंच शेत खाल्लं तर राखणदारानं करायचं काय?

निघताना मागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. कमरेच्या उंचीवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती, मध्ये स्वस्तिक, खिळ्याला झेंडूची वाळून कोळ झालेली माळ. देवाचा फोटो नाही, कोनाडा नाही. त्याखाली जमीन मोकळी, फक्त चार बोल्टांची भोकं. मी ती मनात मोजून ठेवली. मग त्याचा चहा प्यायलो.

त्या दिवशी वरिष्ठांनी फोनवर माझी सालटी काढली. व्यापारी संघटनेची तक्रार आली होती म्हणे. आता मुकाट्यानं वाडीचा गुन्हा घ्या, नाहीतर रजेवर जा. मी म्हणालो, "सर, दसऱ्यापर्यंत थांबा. मग रजेवर जाईन, हवं तर कायमचा." पलीकडून फोन आपटला गेला.

दसऱ्याचं माझ्या डोक्यात आलं ते ठाण्यातच. नवरात्र सुरू झालं होतं आणि आमचा जुना हवालदार शस्त्रागारातल्या रायफली बाहेर काढून तेलपाणी करत होता. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. चुलीवरच्या तव्यापासून ट्रकच्या चाकापर्यंत जे पोट भरतं, त्याला त्या दिवशी हळदकुंकू लागतं. सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. मी हवालदाराला विचारलं, "काय हो, बेकायदेशीर धंदेवाला पूजा करत असेल का?"

"साहेब, तोच जास्त करतो. त्याला जास्त भीती."

गोदामातल्या त्या मोकळ्या जागेवर कशाची तरी पूजा झाली होती. लोखंडी पट्टीची कोणी पूजा करत नाही. ते जे काही होतं ते हलवलं होतं, पण खंडेनवमीला त्याची पूजा चुकवायची छाती त्या माणसाला होणार नाही, यावर मी पैज लावली. पैजेत माझी नोकरी होती आणि त्या बाईंची अब्रू.

गोदामासमोरच्या टपरीवर साध्या वेशातला एक हवालदार बसवला. खंडेनवमीच्या सकाळी त्याचा फोन आला. टेम्पो आलाय, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर झेंडूची फुलं. मी पंचांना घेऊन निघालो.

आत शिरलो तेव्हा आरती चालू होती. बोल्टांच्या भोकांवर बरोब्बर बसवलेलं मशीन, बाटल्यांना बूच आणि सील लावणारं. धुऊन पुसून त्याला हार घातला होता, कपाळाला लावावं तसं कुंकू लावलं होतं, पुढे नारळ, आणि नारळाशेजारी विलायती लेबलाची एक भरलेली बाटली. गोदामवाल्याच्या हातात तबक. माझ्याकडे बघून त्यानं आरती थांबवली.

"आरती पुरी करा," मी म्हणालो. माझ्याबरोबरच्या फौजदारानं टाळ्यासुद्धा वाजवल्या, सवयीनं. मग पंचनामा केला. टेम्पोत बुचांच्या पिशव्या, लेबलं आणि स्पिरिटचा निळा ड्रम निघाला.

चौकशीत मी कधी हात उगारत नसे. समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि गप्प राहायचं. गप्प बसणं गोड बोलणाऱ्या माणसाला सोसत नाही. आधी म्हणाला, सगळं माझंच, बाकी कोणी नाही. मी सांगितलं, आयोजकानं वाडीचं नाव घेतलंय. वाडीवर काही टिकलं नाही तर पुढचं नाव तुझं, त्याचं स्वतःचं नाही. मग बांध फुटला.

"साहेब, सुरुवातीचा माल खराच असतो. तेव्हा लोक वास घेतात, फोटो काढतात. चार स्टॉल फिरले की जीभ मेली, मग माझा माल. आयोजकानंच सांगितलेलं. ह्या वेळी माल कमी पडला, म्हणून तळोज्याच्या एका माणसाकडून कारखान्यातलं स्पिरिट घेतलं. तो म्हणाला, चालतं."

"तू चाखून बघितलंस?"

"मी थेंबाला शिवत नाही साहेब. घरात देवीचं आहे."

हे त्यानं मान वर करून सांगितलं. तेव्हा मात्र मला खोलीबाहेर जाऊन उभं राहावं लागलं, नाहीतर हात न उगारण्याचं माझं व्रत तिथेच मोडलं असतं.

आयोजकाला त्याच्या ऑफिसातून, त्याच्या लोकांसमोर अटक केली. शेवटचा फोन आला, त्याला सोडा. मी म्हणालो, "सर, लेखी." पुढच्याच आठवड्यात लेखी आलं. माझ्या बदलीचं होतं. नियंत्रण कक्ष. मी आरोपपत्राची सगळी तयारी करून, कागद नव्या अधिकाऱ्याच्या हातात मोजून देऊन मगच खुर्ची सोडली. त्यानंही ते दाबले नाहीत, हे त्याचे उपकार मी मानतो.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. मी साक्षीला गेलो. बाईही आल्या होत्या, नवऱ्याचा हात धरून. आयोजकाचा वकील मोठा, मुंबईहून आलेला. त्यानं एकच डाव राखून ठेवला होता.

"बाई, तुम्ही घरी दारू गाळता की नाही?"

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मीही मनातून हादरलो. नाही म्हणाल्या असत्या तर कोण काय करणार होतं?

"गाळते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे विषारी दारू तुम्हीच—"

"माझी दारू माझी म्हनून देते, वकीलसायेब. पेनाऱ्याला ठावं असतं, ही हिच्या हातची. काय झालं तर माझं दार गावाला म्हायती हाय. मी दुसऱ्याचं नाव चिकटवून नाय देत."

वकील कागद गोळा करून खाली बसला. गोदामवाल्याला शिक्षा झाली. आयोजकाला संशयाचा फायदा मिळाला, कारण तो माल त्याच्या स्टॉलवर प्यायल्याचं सांगायला एकही पाहुणा उभा राहिला नाही. हे मला आजही खुपतं आणि ते मी कोणत्याही समारंभात, कोणाहीसमोर बोलतो.

लोक विचारतात, बदली झाली, बढती रखडली, मिळालं काय? मी सांगतो, त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. आळ नेहमी उताराकडे वाहतो, जिथे अडवायला कोणी नाही तिथे. पोलिसाचं निम्मं काम त्याला आडवं पडण्याचं आहे. मी आडवा पडलो, पण माझ्याआधी त्या बाई पडल्या होत्या, आणि त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती. निकालपत्रात त्यांचं नाव आहे. साक्षीदार म्हणून आहे, आरोपी म्हणून नाही. त्यांच्या नवऱ्याला ते वाचता येणार नाही, म्हणून निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.